गिधाडकड्यावरचा पवन्या : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

नानांनी पैज जिंकली. गिधाडकड्यावर पवन्या हे गवत उरलंच नाही असं मी तीन वर्षं म्हणतोय. नानांचं म्हणणं एकच, "हाय, पण शेळीचं तोंड पोचत न्हाई तिथं हाय." आज त्यांनी नेऊन दाखवलं. कड्याच्या काळ्या कातळात हातभर रुंदीची एक कड आहे, तिथं उतरायला बोकडही कचरतं. आम्ही पोटावर सरपटत गेलो आणि वरून डोकावलो. सतरा ठोंब. नानांनी अठरा मोजले होते, पण त्यातला एक कुसळी या दुसऱ्या गवताचा निघाला आणि बऱ्याच वादानंतर त्यांनी तो सोडला.

खात्री करायला दोन काड्या ओढून वर आणल्या. एका काडीच्या टोकाला एकच कणीस, ही पहिली खूण. कणसावर दाणे जोडीनं बसलेले. जोडीतला एक काडीला चिकटून, त्याला पीळ घातलेलं वाकडं कुसळ. दुसरा लहानशा देठावर, चपटा, जांभळट, बिनकुसळाचा, आणि त्याच्या पाठीवर नखानं ओढाव्यात तशा उभ्या शिरा. पान खोडाला जिथं मिळतं तिथं केसांची बारीक झालर. सेहिमा नर्व्होसम या शास्त्रीय नावातलं ‘नर्व्होसम’ या शिरांवरून आलंय. ‘सेहिमा’ हे मूळचं अरबी नाव, येमेनच्या मोहिमेवर गेलेल्या फोर्स्कालनं नोंदवलेलं. तो तिकडेच १७६३ मध्ये वारला आणि त्याचं टिपण १७७५ मध्ये छापून आलं. आमच्याकडे काहीजण या गवताला शेडाही म्हणतात.

हा बालाघाट, पाटोद्याच्या बाजूचा. उंची आठशे मीटरच्या आतबाहेर. लाव्हाचे थर एकावर एक रचलेले. वर कठीण काळा पाषाण, त्याच्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या. मांजऱ्या आधी झिजतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटून खाली येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दगड अजून पडतोच आहे. त्यामुळे कड्याच्या पायाशी माती नाहीच, गोटे, डबर आणि चिपा. पाय ठेवला की चार दगड गडगडत खाली. गावाच्या लेखी ही पोटखराब, म्हणजे पिकाला निकामी जमीन. गिधाडं होती तेव्हा कड्याला निदान नावापुरता तरी उपयोग होता. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅकनं ती संपवली. २००६ मध्ये बंदी आली, आमच्या कड्यावर मात्र कुणी परतलं नाही.

काम काय करायचं ते एका ओळीत : कडेवरचं बी खालच्या सुट्या दगडांच्या उतारावर न्यायचं, दोन एकरांवर.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज दोरी-खुंट्या घेऊन चौघं वर. मी, नाना, कॉलेजची दोन पोरं. मोबाईलमधल्या कोनमापकानं उतार एकतीस ते चौतीस अंश. सुटे दगड साधारण याच कोनात थबकतात. म्हणजे उतार आपल्याच तोलावर उभा आहे, एक दगड काढला की वरचे सरकणार.

ग्रामसभेत दोन वर्षांची चराईबंदी मंजूर आहे. कागदावर. प्रत्यक्षात कुंपण नाही, राखणदार नाही, नाना आहेत. नानांची स्वतःची चाळीसेक मेंढरं आहेत. म्हणजे ज्याच्यापासून राखायचं तोच राखतोय. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "मास्तर, चोरालाच चावी दिली म्हंजी चोरी बंद."

२० ऑक्टोबर

बी गोळा करायला आजपासून सुरुवात, आणि पहिलीच अडचण माणसांची. पवन्याचं बी पिकतं दसरा-दिवाळीच्या मधे. नेमकं तेव्हाच आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. बचत गटातल्या अकरा जणींपैकी आठ जणींच्या घरी मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, आलेली. कोयता कधी निघेल सांगता येत नाही. या डोंगरातल्या गवताचं बी कुणी राखलं नाही त्याचं एक कारण हेही असावं. बियांचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच.

सतरा ठोंबांवर भागणार नव्हतं. गटातल्या काकूंनी देवीची राई सुचवली. दोन डोंगरांपलीकडे, तिथं कुणी जनावर घालत नाही, काडी मोडत नाही. आम्ही नारळ फोडून, परवानगी मागून बी घेतलं. राईच्या कडेला पवन्या गुडघ्याच्या वर उभा होता. इतका पवन्या एका जागी मी पहिल्यांदा पाहिला.

पवन्याचं कणीस शेंड्याकडून पिकत खाली येतं आणि शेंड्याकडूनच झडतं. सगळं पिकायची वाट पाहिली तर अर्धं जमिनीवर. वरचा चतुर्थांश भाग पिवळा पडून बोटाला सुटायला लागला की कणीस मुठीत धरून खालून वर ओढायचं. काकूंचा हात पाचच मिनिटांत बसला. माझ्या मुठीत निम्मं हिरवं येत होतं.

२ नोव्हेंबर

पाडवा. गच्चीवर बी वाळतंय. कुसळांसकट पावणेदोन किलो भरलं. दिसायला पोतं, वजनाला काही नाही.

दुपारी पुतणीला एक गंमत दाखवली, आणि खरं तर मीच बघत बसलो. बशीत एक दाणा ठेवला, कुसळावर पाण्याचा थेंब सोडला. आधी काही नाही. मग कुसळाचा पीळ सुटायला लागला आणि वाकडं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं. बशीच्या काठाला टोक अडकलं तसा दाणाच फिरायला लागला. सुकल्यावर उलटा फिरला. रानात हेच चालतं. टोक दगडाला टेकतं, दाणा फटीत गिरमिटासारखा आत जातो. सपाट मातीवर त्याला टेकायला काही नसतं, नुसता गोल फिरून तिथंच राहतो. गोट्यांच्या उतारावर हे गवत का, याचं निम्मं उत्तर बशीत होतं.

कुसळीचंही असंच, फक्त जास्त जोरात. तिचं टोक सुईसारखं आणि उलट्या केसांचं, एकदा लोकरीत शिरलं की मागं येत नाही. कातडी भोकसतं, मेंढरांच्या डोळ्यात जातं. नाना कुसळीचं नाव काढलं की थुंकतात. फुलोऱ्याआधी मात्र हीच मेंढरं ती आवडीनं खातात, हे ते सांगत नाहीत.

१७ नोव्हेंबर

उगवण चाचणी. ओल्या टिपकागदावर शंभर दाणे ठेवले होते, बारा दिवस झाले. उगवले दोन.

आधी बी नासकं म्हणून वैतागलो. मग नखानं दाबून पाहिलं तर बरेच दाणे पोकळ, नुसतं टरफल, आणि भरलेलेही ढिम्म. भरलेलं बी मेलेलं नाही, झोपलेलं आहे. रानगवतांच्या बियांत ही झोप असतेच. काही महिने सुकं पडून राहिल्याशिवाय ती उठत नाहीत. विचार केला तर शहाणपणाचंच आहे. एखाद्या दिवाळीच्या पावसावर उगवून आलेलं रोप पुढचे सात महिने कसं काढणार?

पोतं माळ्यावर, कडुलिंबाचा पाला घालून.

२१ नोव्हेंबर

काल मतदान झालं, आज पहाटे चार ट्रक गेले. गावात म्हातारे, लेकरं आणि मास्तर.

३० डिसेंबर

वेळ अमावस्येला सासुरवाडीला, औश्याकडे. भज्जी, आंबील, कडब्याची खोप. जेवून बांधावर पडलो तर डोक्याशी मारवेल. काळ्या रानाच्या बांधाला मारवेल आणि आमच्या दगडाला पवन्या, एकाच मराठवाड्यातले हे दोन भाऊ. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये देशभरातल्या गवताळ भूमीचे पाच प्रकार पाडले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रकाराला या दोघांचंच जोडनाव आहे : सेहिमा–डायकॅन्थियम. म्हणजे पवन्या–मारवेल. दख्खनचं पठार त्यातच येतं. पाचवा प्रकार हिमालयातला, बर्फाच्या खालच्या कुरणांचा. तिथल्या दरडींवरच्या गवतालाही सरकणाऱ्या दगडांत पाय रोवावे लागतात. त्यांच्यावर सहा महिने बर्फ, आमच्यावर आठ महिने ऊन.

सासऱ्यांना वाटलं जावई बांधावर पडून बांधाची हद्द मोजतोय.

१९ फेब्रुवारी २०२५

शिवजयंतीची सुट्टी. दुसरी चाचणी लावली होती, या वेळी दाबून पाहून भरलेलेच दाणे घेतले. शंभरात तेवीस. काकूंना फोन केला, त्या कारखान्याच्या फडात होत्या. मागून मोळ्या टाकल्याचा आवाज. म्हणाल्या, "तेवीस म्हंजी पास का नापास?" मी म्हणालो, काठावर पास.

११ मार्च

रात्री वणवा लागला. कुणी लावला हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी सांगणार नाही. जाळलं की नवा फुटवा लवकर येतो हा समज पिढ्यांचा आहे. फुटवा येतोही, पण पहिल्या पावसात जाळलेल्या उतारावरून काय वाहून जातं ते कुणी बघत नाही.

सकाळी वर गेलो. खालचं माळरान काळंभोर, ग्लिरिसिडियाची लावण करपलेली. उतारावर आग ठिपक्याठिपक्यांनी लागली होती. दगडांच्या मधे सलग पाचट नसतं, तिला चालायला वाट मिळाली नाही. कडेवरचे सतरा ठोंब शाबूत. खालच्या बाजूला डोंगरी गवताचे काही ठोंब जळाले, पण बुडख्याशी बोट घातलं तर आत ओलसर हिरवं. या गवतांचा कोंब जमिनीलगत असतो, पाती जळाली तरी जीव खाली राहतो.

२४ एप्रिल

प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन दुपारी दोन वाजता वर. पोरं सावलीत बसली, मी आणि नाना उन्हात. उघड्या मुरमावर एकावन्न अंश. दोन बोटं खोल, एका ताटाएवढ्या चिपेखाली, अडतीस. तेरा अंशांचा फरक. चीप उचलली तर खालची माती हाताला किंचित गार लागली, तीन गोगलगायी आणि एक विंचू. विंचवाला नानांनी काही केलं नाही, चीप परत जशी होती तशी ठेवली, अगदी त्याच बाजूनं.

"कामून?" मी विचारलं.

"त्याचं छप्पर हाय ते."

मी मात्र वहीत आजवर ‘पेरणीआधी दगड वेचणे’ असं काम लिहून ठेवलं होतं. शेतीचं डोकं. रान म्हटलं की दगड वेचायचे. ते काम आज खोडलं.

१८ मे

अवकाळी थांबायला तयार नाही. मे महिन्यात एवढा पाऊस नानांनाही आठवत नाही.

आणि आज जेसीबी. एका योजनेतून गायरानावर सलग समतल चर खोदायचे होते. आमच्या दोन एकरांचा ठराव दाखवला, ग्रामसभेची प्रत दाखवली. साहेब म्हणाले, तुमचंही भलंच होतंय, पाणी मुरेल. ऑपरेटरला तासाचे पैसे, त्याला कागद कशाला दाखवायचा? मी ताकीद देऊन खाली जाऊन आलो तोवर पश्चिमेकडचा निम्मा भाग उकरून झाला होता. दगड ओढून चराच्या खालच्या बाजूला बांध घातलेला. मधली जागा मुरमाची, साफ, शेतासारखी. बांधावर स्टायलोचं बी टाकून गेले. मूळचं अमेरिका खंडातलं द्विदल. चारा म्हणून वाईट नाही, पण इथं कुणी मागवलं होतं?

संध्याकाळपर्यंत चिडून होतो. नाना चराच्या काठावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "आता दोन रानं झाली. एक तुमचं, एक त्यांचं. बगू की कोणतं गवत धरतंय."

प्रयोगाला तुलनेचा भाग हवा असतो हे मी पोरांना वर्गात दरवर्षी सांगतो. इथं तो फुकट मिळाला, निम्मा प्लॉट देऊन.

२९ मे

मान्सून मुंबईत २६ तारखेलाच पोचला. गावात पेरणीची घाई सुरू. मी म्हणालो आपणही टाकू. नाना म्हणाले, ही मिरगाची ओल नाही, फसवी आहे. शेवटी निम्मं बी आज टाकलं, निम्मं ठेवलं. दोन्ही भागांत सारखं : थोडं नुसतं फेकून, थोडं शेण-मातीच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून, आणि थोडी अख्खी कणसं दगडांच्या फटीत खोचून. पश्चिम भागात फटी नव्हत्या, तिथं कणसं मुरमावर ठेवून वर मूठभर खडी.

५ जून

दोन्हीकडे कोंब. पश्चिमेला जास्त, सरळ दिसतंय. साफ जमिनीवर हिरवी लव. साहेबांचं खरं निघालं की काय.

२१ जून

तीन आठवडे पावसाचा टिपूस नाही. पश्चिमेची लव गेली. मुरूम तापला आणि रोपं काडीसारखी आडवी. चराच्या काठची हातभर रुंदीची पट्टी मात्र हिरवी आहे. चरात साचलेलं मे महिन्याचं पाणी तिथं पाझरतंय. हे नमूद करायला हवं, चर अगदीच वाया नाही.

पूर्वेला, दगडात, वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. मी हताश होऊन परत फिरलो होतो. पोरांपैकी धाकटा गुडघ्यावर बसला आणि ओरडला. दगडाच्या कुशीत, सावलीत, प्रत्येक दोन-चार दगडांमागे एक बारीक पात. दोन इंच. फटीत खोचलेल्या कणसांची सगळ्यात जास्त. शेणाच्या गोळ्या मुंग्यांनी फोडल्या आहेत.

उरलेलं बी आज टाकलं, फक्त फटीत. पश्चिमेला टाकलंच नाही. पोरं म्हणाली, सर, मग तुलना बिघडेल. बिघडू दे. बी देवीच्या राईतलं आहे, तापल्या मुरमावर भाजायला आणलेलं नाही.

१३ जुलै

रोप लहान असताना पवन्या, डोंगरी आणि कुसळी ओळखणं म्हणजे परीक्षा. पानाच्या बुडाशी भिंग लावून झालर बघायची, खोडाचा चपटेपणा बघायचा, मग अंदाज करायचा आणि खुंटीला रंगीत सुतळी बांधायची. लाल म्हणजे पवन्या, पांढरी म्हणजे माहीत नाही. सध्या पांढऱ्या सुतळीचा रिळ संपला.

रोशा गवतही दिसलं एका कोपऱ्यात, पान चुरगाळलं की वासावरूनच कळतं. त्याच्या वाटेला शेळी जात नाही. तेलासाठी पूर्वी डोंगरउतारावरचा मोतिया रोशाच धरत, खालच्या ओलीतला सोफिया हलका मानत. आमच्या उतारावरचा कोणता हे फुलोऱ्यावर ठरवू.

२२ ऑगस्ट

पोळा. बैल सजवून झाल्यावर सरपंचांचा पोरगा आला. सणाच्या दिवशी वरचं थोडं गवत कापून न्यायचं, बैलांच्या तोंडाला लावायचं, एवढंच. नाही म्हणायला जीव होईना. नानांनी सोडवलं. स्वतः विळा घेऊन वर गेले, कड्याच्या डाव्या अंगाची डोंगरी कापली, भारा आणून मारुतीच्या पाराजवळ टाकला. "हे बैलाचं. लाल सुतळीचं लेकरू हाय, ते न्हाई द्यायचं."

पण प्रश्न राहिलाच. गावात आता जितके ट्रॅक्टर तितके बैल नाहीत. गवत लागतं ते शेळ्यांना. उस्मानाबादी शेळी हीच इथल्या भूमिहीन बाईची बँक. ज्या घरातून कोयता जातो, त्या घरातली म्हातारी मागं शेळ्यांवर जगते. चराईबंदीचा खर्च तिच्या पदरात पडतो, माझ्या नाही. बंदी दोन वर्षांपुढे वाढवायची असेल तर कापून न्यायची पाळी लावून द्यावी लागेल, आणि तीही फुलोऱ्याआधी नव्हे, बी झडल्यावर. तेव्हा गवत निबर झालेलं असतं. म्हातारी म्हणेल, आता मला काय देता, काड्या?

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. काकूंचं म्हणणं, निम्म्या भागात दरवर्षी आळीपाळीनं. नाना हो-नाही काही बोलत नाहीत.

२४ सप्टेंबर

चार दिवस पाऊस नाही, कोसळणं. सीनाकाठची, सिंदफणाकाठची गावं पाण्यात. शाळा-कॉलेज बंद, वाड्यावर वीज नाही. आमच्या ओढ्याला आलेलं पाणी पुलावरून गेलं. सोयाबीन गेलं, मातीसकट. आज गवताची नोंद करायला लाज वाटते आहे.

५ ऑक्टोबर

पंचनामे सुरू आहेत. मला गावानं पंचांबरोबर फिरायला लावलं, त्यामुळे वर जायला आज जमलं.

पश्चिम भाग : चर तीन ठिकाणी फुटला. खोदताना लेव्हल नीट धरली नव्हती. एका टोकाला पाणी गोळा झालं, बांध चढलं आणि तोडून खाली गेलं. तिथून खाली कमरेएवढी घळ पडली आहे. बांधाचे दगड पन्नास-साठ पावलं खाली, कुणाच्या तरी तुरीत. स्टायलो वाहून गेलं. जिथं चर खरंच समतल होता, तिथं तो शाबूत आहे आणि खालचं गवत पोटरीएवढं. म्हणजे दोष चराचा नाही, घाईचा आहे. तरी चौतीस अंशांच्या सुट्या दगडात चर खोदायचाच कशाला, हा प्रश्न मी सोडणार नाही.

पूर्व भाग : दगड हलले आहेत. दोन खुंट्या सापडल्या नाहीत. मधे एक पट्टा सरकलेला, तिथली लाल सुतळीची सातेक रोपं पुरली गेली. बाकी जागेवर. एक रोप उपटून पाहण्याचा मोह झाला, तेवढ्यात सरकलेल्या पट्ट्याच्या काठाला मुळं आपोआपच उघडी पडलेली दिसली. रोप वर वीतभर, आणि खाली मुळांचा झुपका दगडांच्या मधून वाट काढत माझ्या कोपरापर्यंत. एका चिपेला त्या मुळांनी खालून जाळी घातली होती. चीप हलवली तर रोपासकट डुलली, निसटली नाही. नानांना दाखवलं. त्यांनी मुळांवर ओंजळभर बारीक मुरूम सारला, वर दोन दगड ठेवले आणि हात झटकले.

पुरली गेलेली सात मेली असं धरलं नाही. बघू.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पुरामुळे यंदा उचल आधीच खर्चून बसलेली घरं जास्त, मुकादमांच्या गाड्या लवकर येणार असं दिसतंय.

पहिल्या वर्षीच्या रोपांना कणीस येईल असं धरलं नव्हतं. लाल सुतळीच्या एकोणसाठ रोपांपैकी अकरांना आलंय. एका काडीला एकच, जांभळट, शिरा स्पष्ट. पांढऱ्या सुतळीतली चार पवन्याची निघाली आणि लालमधली तीन कुसळीची. माझी चूक, भिंग असूनही. पश्चिमेला चराच्या काठी पाच, त्यातलं कणीस एकाला.

काकू दोन दिवसांत निघणार आहेत. आज मुद्दाम वर आल्या. त्यांना वाटलं बी काढायचंय, पदर खोचून तयार. मी म्हणालो यंदा इथलं एकही कणीस ओढायचं नाही, झडू दे जिथल्या तिथं. पुढचं बी राईतूनच आणू. त्या एका रोपापाशी बसल्या, शेंड्याचा एक पिकलेला दाणा बोटाला सुटला तो हातात घेऊन पाहिला आणि शेजारच्या दगडाच्या फटीत सोडला. थुंकीचं बोट लावून.

कड्यावरचे मूळ ठोंब पुन्हा मोजले. सोळा. एक जागा मोकळी, कातळाचा तुकडाच गेलाय. नाना म्हणतात सतरा.

राईत ९ नोव्हेंबरला जायचं. पोती नकोत, कापडी पिशव्या न्यायच्या. गेल्या वर्षी निम्मी कुसळं पोत्याच्या तागात अडकून राहिली होती. नारळ घ्यायचा. पांढरी सुतळी घ्यायची.